मंजूर झालेला मदतनिधी रोजच्या दिवसात कसा उतरवायचा

अपंगत्वासाठीच्या मदतनिधीच्या मंजुरीचं पत्र आलं की घरातले सगळे आधी शेवटचा आकडा शोधतात. मीही शोधला होता. दोन महिन्यांत इलेक्ट्रिक व्हीलचेअर घेतली, चांगली भारीतली, आणि ती घरी आल्यावर कळलं की तिचे हात टेबलाच्या फळीला अडतात. लिहायला बसायचं तर टेबलापासून हातभर लांब. खुर्चीत खोट नव्हती. मी खुर्चीचा विचार केला होता, लिहिण्याचा केलाच नव्हता.

अशी चूक करणारी मी एकटी नाही. अमेरिकेत १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत २२७ अपंग प्रौढांना त्यांच्या साहाय्यक साधनांबद्दल विचारलं होतं. जवळपास २९ टक्के साधनं वापरणं लोकांनी पूर्ण सोडून दिलेलं निघालं. त्यामागच्या कारणांत एक म्हणजे निवडताना वापरणाऱ्याचं मत लक्षातच घेतलं गेलं नव्हतं. दुसरं ऐकून हसू येतं: साधन फार सहज मिळालं होतं!

म्हणून या लेखात खरेदीची यादी मिळणार नाही. सुरुवात आठवड्यापासून करायची आहे. पैसा त्यानंतर.

आधी पत्र वाचा, आकडा सोडून

अपंगत्वासाठी मिळणारी मदत साधारण तीन तऱ्हांची असते. पहिली म्हणजे रोख भत्ता किंवा पेन्शन. तो कशावर खर्च केला हे सहसा कोणी विचारत नाही. दुसरी, ठरावीक कामासाठी बांधलेला निधी. ऑस्ट्रेलियात २०१३ च्या कायद्याने उभी राहिलेली राष्ट्रीय अपंगत्व विमा योजना याच जातीची. रोजची मदत, क्षमता वाढवणं आणि मोठी साधनं असे तिचे वेगवेगळे कप्पे आहेत, आणि एका कप्प्यातला पैसा मनाला येईल तसा दुसऱ्यात हलवता येत नाही. ब्रिटनमध्ये १९९६ च्या कायद्याने स्थानिक प्रशासनांना सेवेऐवजी थेट पैसे हातात देण्याची मुभा मिळाली. स्वीडनमध्ये ज्यांची गरज मोठी आहे त्यांना १९९४ पासून व्यक्तिगत साहाय्यक कायद्याने हक्क म्हणून मिळतो. तिसरी तऱ्हा म्हणजे वस्तू किंवा सवलत: व्हीलचेअर, श्रवणयंत्र, प्रवासात किंवा करात सूट.

भारतात बराचसा आधार पहिल्या आणि तिसऱ्या तऱ्हेचा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातली दोन कलमं मात्र फारशी कोणाला माहीत नसतात. कलम २४ म्हणतं की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना मिळणारी रक्कम तशाच इतर योजनांपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावी. कलम ३८ नुसार ज्यांना जास्त आधार लागतो त्यांना त्यासाठी वेगळा अर्ज करता येतो.

आपला पैसा कोणत्या तऱ्हेचा आहे हे कळलं की पुढचे प्रश्न सोपे होतात. मुदत कोणत्या तारखेपर्यंत? उरलेली रक्कम पुढे जाते की परत जाते? आधी आपण भरायचं आणि मग मागायचं, की पैसे थेट विकणाऱ्याला जातात? घरातल्या माणसाला मोबदला देता येतो का? पत्ता, नोकरी किंवा लग्न यांत बदल झाला तर किती दिवसांत कळवायचं? उत्तरं फोनवर मिळाली तरी त्याच दिवशी ईमेल पाठवा: ‘आज आपलं असं बोलणं झालं, काही चुकलं असल्यास कळवावं.’ वर्षभराने तोंडी आश्वासन कोणालाच आठवत नाही.

दोन आठवड्यांची वही

साधी वही घ्या. किती वाजता, काय केलं, कोणी मदत केली, किती मिनिटं लागली, आणि शेवटचा रकाना ‘राहून गेलं’. दोन आठवडे लिहा, एकाने भागत नाही. एका आठवड्यात आजारपण येतं, पाहुणे येतात, आणि खरा दिवस दिसतच नाही.

सगळी गंमत शेवटच्या रकान्यात आहे. मदत लागलेल्या गोष्टी लोक न विसरता लिहितात. मदत नाही म्हणून ज्या करायच्याच सोडून दिल्या, त्या मनातूनही गेलेल्या असतात. कितीतरी जण सकाळपासून पाणी कमी पितात, कारण दुपारी बाथरूमला न्यायला कोणी नसतं. विचाराल तर सांगतील, ‘दुपारी मला काही लागत नाही.’ लागत नाही कारण लागू दिलेलं नाही. मग मूत्रमार्गाचा संसर्ग, औषधं, पुन्हा दवाखाना. इथे गरज आहे दुपारच्या पंधरा मिनिटांच्या मदतीची, आणि ती ‘राहून गेलं’ या रकान्याशिवाय कुठेच दिसत नाही.

ज्याच्यासाठी निधी आहे त्यानेच वही लिहावी, किंवा सांगावी आणि दुसऱ्याने उतरवावी. बोलणं अवघड असेल तर फोटो काढा, चित्रं वापरा, नजर कुठे वळते ते पाहा. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाची वही आईने एकटीने भरली तर ती आईच्या दमणुकीची वही होते. तीही हवीच, पण वेगळी.

आता वहीतल्या नोंदींवर तीन रंगांनी खुणा करा. लाल म्हणजे तब्येतीला किंवा जिवाला धोका: बेडसोर (एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमा), पडणं, ठसका, चुकलेली औषधं. निळा म्हणजे वेळ खाणारं. हिरवा म्हणजे ज्यासाठी जगावंसं वाटतं ते, मग ते मित्रांकडे जाणं असो, काम असो, पोहणं असो की बंद खोलीत एकटं बसणं. पैसा लालवर आधी जातो, यावर वाद नाही. पण लाल आणि निळ्यातच सगळा निधी संपवणारी घरं मी खूप पाहिली आहेत. माणूस स्वच्छ, सुरक्षित आणि वर्षानुवर्षं त्याच भिंतीकडे पाहत बसलेला. हिरव्यासाठी सुरुवातीलाच एक वाटा बाजूला काढा. नंतर तो उरत नाही.

मिनिटांचा हिशेब

निळ्या नोंदींना वर्षाने गुणा. रोजची २० मिनिटं म्हणजे वर्षाचे जवळजवळ १२२ तास. पलंग खुर्चीपेक्षा बुटका असल्यामुळे रोज सकाळी ट्रान्सफरला, म्हणजे पलंगावरून खुर्चीत जायला, दोन माणसं आणि २० मिनिटं लागत असतील, तर पलंगाची उंची वाढवून किंवा ट्रान्सफर बोर्ड (सरकून जायची गुळगुळीत फळी) वापरून एका माणसात सात मिनिटांत ते होतं का, हे आधी बघा. एकदाचा छोटा खर्च रोजचा मोठा खर्च खाऊन टाकतो. मोठ्या खर्चाआधी हा गुणाकार कराच.

मात्र याच गणिताने फसायलाही होतं. स्वतःच्या हाताने कपडे घालायला ४० मिनिटं लागतात आणि मदतीने १०. मग काय निवडायचं? बाहेरचे म्हणतील, स्वतः करा, तेच स्वावलंबन. पण अमेरिकेतले अपंग हक्क कार्यकर्ते एड रॉबर्ट्स यांचं बघा. त्यांना किशोरवयात पोलिओ झाला. १९६२ मध्ये ते बर्कलीच्या विद्यापीठात शिकायला गेले तेव्हा झोपायला त्यांना आयर्न लंग (श्वास चालू ठेवणारं मोठं यंत्र) लागायचा आणि अंगावरची सगळी कामं मदतनीस करायचे. पुढे १९७२ मध्ये तिथेच स्वतंत्र जगण्यासाठीचं केंद्र उभं राहिलं आणि त्यातून जगभर चळवळ पसरली. त्या चळवळीने स्वातंत्र्याचा अर्थच उलटा करून दाखवला: काम कोणाच्या हाताने झालं हे गौण, ते कधी आणि कसं व्हावं हे कोणी ठरवलं ते महत्त्वाचं. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क कराराचं स्वतंत्र जगण्याबद्दलचं कलम १९ याच वाटेने जातं. तेव्हा सकाळची वाचलेली ३० मिनिटं तुम्हाला वाचनाला हवी असतील तर मदत घ्या, बिनदिक्कत. कपडे स्वतः घालण्यातच आनंद असेल तर ४० मिनिटं लागू देत.

माणसं: सगळ्यात महाग आणि सगळ्यात नाजूक

ज्यांना रोज मदत लागते त्यांचा बराच पैसा माणसांच्या तासांवर जातो. इथे घाई करू नका.

मदतनीस शोधण्याआधी स्वतःबद्दलची दोन पानं लिहा. मला कसं उचलायचं, कोणता खांदा दुखतो, कॅथेटर (लघवीची नळी) कोण हाताळेल, मी गप्प असले म्हणजे रागावलेली नसते, माझ्या फोनला हात लावायचा नाही. नवीन माणूस आला की ही पानं त्याच्या हातात द्यायची. तेच तेच तोंडी सांगून येणारा थकवा वाचतो, आणि लाजही.

मग पैसे देऊन चाचणीची पाळी (शिफ्ट) ठेवा. फुकट ‘दाखवून जा’ म्हणू नका. अनुभव किती यापेक्षा मी दोन गोष्टी बघते. हात लावण्याआधी विचारतो का? आणि घरात तिसरं माणूस असताना प्रश्न मला विचारतो की त्याला? दुसऱ्या गोष्टीत नापास झालेला माणूस पुढे सुधारल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

तासांचं नियोजन करताना ताशी दर गुणिले तास एवढ्यावर थांबू नका. रजा, सुट्टीच्या दिवसाचा वाढीव दर, प्रवासाचा वेळ, विमा, बदली माणूस हे सगळं त्यात येतं. तुम्ही स्वतः नेमणूक करत असाल तर कायद्याने तुम्ही मालक ठरू शकता, आणि मालकाच्या जबाबदाऱ्याही मग आल्याच. हे नको असेल तर संस्थेमार्फत माणूस घ्या. दर जास्त पडतो, पण आजारपणात बदली शोधायचं काम तिचं. संस्थेला करार करण्याआधी एवढंच विचारा: ऐनवेळी पाळी रद्द केली तर किती पैसे कापता? आणि तुमच्याकडून रद्द झाली तर?

एकाच माणसावर सगळं टाकू नका, तो कितीही चांगला असला तरी. किंबहुना तो फार चांगला असेल तर जास्तच जपा, कारण त्याच्याशिवाय घर चालत नाही हे त्याला आणि तुम्हाला दोघांनाही कळलेलं असतं. दोन नियमित आणि एक अधूनमधून येणारा, ही किमान मांडणी.

कोऱ्या हजेरीपत्रकावर सही कधीच करू नका. ‘महिनाअखेरीस भरतो’ म्हणणारा बहुतेक वेळा आळशी असतो, पण तो लबाड निघाला तर तुमच्या सहीमुळे तुम्हीच अडकता.

आणि घरचे. आई, बायको, भाऊ रात्री दोनदा उठून कूस बदलतात त्याचा हिशेब कुठेच नसतो. घरच्यांना विसावा देणारे तास तुमच्या योजनेत असतील तर ते संकटासाठी राखून ठेवू नका. कॅलेंडरवर आत्ताच टाका, महिन्यातून दोन रात्री. संकट येईपर्यंत थांबलेला माणूस विसाव्याला जातो तो थेट आजारी पडूनच.

वस्तू: पैसे देणं ही आठातली एक पायरी

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली हाताने चालवायच्या व्हीलचेअरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात खुर्ची मिळण्याच्या आठ पायऱ्या आहेत: नोंद, तपासणी, निवड, निधी आणि मागणी, जुळणी, बसवून बघणं, वापरायला शिकवणं, आणि नंतरची देखभाल-दुरुस्ती. निधी चौथ्या जागी आहे. त्याच्या आधी तीन आणि नंतर चार! बहुतेक लोकांचा उत्साह चौथ्यावर संपतो, आणि विकणाऱ्याचाही.

तपासणी विकणाऱ्याकडून फुकट करून घेऊ नका. ऑक्युपेशनल थेरपिस्टला (रोजची कामं कशी जमवायची हे बघणाऱ्या तज्ज्ञाला) पैसे द्या, घरी बोलवा. मोठं साधन निदान काही दिवस घरात वापरून बघायला मागा, भाड्याने का होईना. दुकानाची फरशी सपाट असते, घराची नसते. वापरून बघताना वहीतला एक पूर्ण दिवस त्या साधनावर काढा: बाथरूमचं दार, टेबलाखालची जागा, गाडीची डिकी, चार्जरची वायर पोचते का. आणि दर विचारताना निधी मंजूर आहे हे आधी सांगू नका. आधी लेखी कोटेशन घ्या, मग सांगा.

काही ठोस गोष्टी, ज्या मला उशिरा कळल्या.

बसायची उशी खुर्चीइतकीच महत्त्वाची असते. ज्यांच्या पाठीखालच्या भागात संवेदना कमी आहे त्यांच्यासाठी तर जास्तच. फोमची उशी काळाने दबते, हवेच्या उशीची हवा रोज तपासावी लागते. बसल्यावर ढुंगणाच्या हाडाखाली हात घालून बघा. हाड थेट खालच्या फळीला टेकत असेल तर उशी संपली, वरून कितीही नवी दिसो. आणि कोणतीही उशी असली तरी थोड्या थोड्या वेळाने अंग उचलणं किंवा पुढे-बाजूला झुकणं चुकत नाही.

रॅम्पचा उतार एकास बारा धरतात. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या एका पायरीला १८० सेंटिमीटर लांबी लागते आणि तीन पायऱ्यांना जवळजवळ साडेपाच मीटर. एवढी जागा नसेल तर तीव्र उताराचा रॅम्प बांधून घेऊ नका. चढताना खुर्ची मागे उलटते, उतरताना माणूस सुटतो. तिथे लिफ्ट, किंवा दुसरं दार.

लेड-ॲसिड बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की खराब होते. खुर्ची वापरात नसली तरी चार्ज करत राहा. नव्या बॅटरीचा, टायरचा, उशीच्या खोळीचा खर्च खरेदीच्याच वेळी पुढच्या वर्षांच्या बजेटमध्ये लिहून ठेवा, आणि खुर्ची दुरुस्तीला गेली तर त्या दिवसांत बदली खुर्ची कोण देणार हे करारातच घालून घ्या. खुर्चीशिवायचे पंधरा दिवस म्हणजे पलंगावरचे पंधरा दिवस.

महाग म्हणजे योग्य, असं मुळीच नाही. फोनमधली मोठी अक्षरं, मजकूर वाचून दाखवणारी सोय, आवाजाने दिवे लावणारं बटण, मुठीत नीट बसणारा जाड दांड्याचा चमचा. कधी कधी अशा लहान गोष्टींनी दिवस जास्त मोकळा होतो. फक्त त्या तुमच्या निधीतून चालतात का, ते आधी विचारून घ्या. कित्येक योजना ‘सगळ्यांनाच लागणारी वस्तू’ म्हणून नकार देतात. तेव्हा ही वस्तू तुमच्या अपंगत्वाशी कशी जोडलेली आहे आणि तिच्यामुळे मदतीचे किती तास वाचतात, हे थेरपिस्टकडून दोन ओळींत लिहून घ्या.

थेरपी कशासाठी?

‘आठवड्याला एक तास फिजिओ’ हे उद्दिष्ट होत नाही, ते वेळापत्रक झालं. ‘तीन महिन्यांत बसमध्ये एकटीने चढणं’ हे उद्दिष्ट. पहिल्याच भेटीत थेरपिस्टला विचारा की काय बदललेलं दिसलं म्हणजे हे चाललंय असं समजायचं, आणि नाही दिसलं तर कधी थांबायचं. आठवड्यातला उरलेला वेळ तुमच्याकडेच असतो, त्यामुळे मदतनिसालाही एका भेटीला बसवा. तो रोज अंग पुसताना जो हात वर करतो, त्यातच व्यायाम बसवता येतो. काही आजारांत सुधारणा होत नाही, आहे ते टिकवायचं असतं. तेही उद्दिष्टच आहे, फक्त तसं स्पष्ट लिहा, नाहीतर पुढच्या वेळी ‘प्रगती नाही’ म्हणून थेरपी कापली जाते.

हिशेब, थोडक्यात

निधीसाठी वेगळं बँक खातं. पावती मिळाली की तिथेच फोटो, कारण थर्मल कागदावरची छपाई काही महिन्यांत उडून जाते. फोटोच्या नावात तारीख आणि काम. महिन्यातून एकदा बघा: मुदतीचा किती भाग सरला आणि निधीचा किती. अर्धं वर्ष गेलं आणि पाऊण निधी गेला तर तास कमी करायचे की पुनर्तपासणी (गरज आणि निधी पुन्हा तपासणं) मागायची, हे तेव्हाच ठरवा. उलट अर्धं वर्ष सरून पाव निधीच वापरला असेल तर तेही चांगलं लक्षण नाही. न वापरलेल्या पैशाचा अर्थ वरचे लोक ‘गरज नव्हती’ असा लावू शकतात. माणूस मिळाला नाही म्हणून तास पडून राहिले असतील तर ‘मदतनीस उपलब्ध झाला नाही’ असं त्या त्या महिन्यात कळवून ठेवा.

पुनर्तपासणीची तयारी तीन महिने आधी

तपासणीला आलेल्या माणसासमोर आपण सगळेच नीटनेटके होतो. केस विंचरतो, ‘बरं चाललंय’ म्हणतो. तिथेच घोटाळा होतो. चांगल्या दिवसाचं वर्णन करू नका, वाईट दिवसाचं करा आणि असे दिवस महिन्यात किती हेही सांगा. खोटं अजिबात नको, फक्त लपवू नका. ‘मी आंघोळ करू शकते’ याच्याऐवजी: ‘मी आंघोळ करते, त्यानंतर तासभर पडून राहावं लागतं, आणि गेल्या तीन महिन्यांत दोनदा घसरले.’

पुन्हा दोन आठवड्यांची वही भरा आणि जुन्या वहीशेजारी ठेवा. डॉक्टरांकडून नुसतं निदान लिहून आणू नका. निदान योजनेवाल्यांकडे आधीच आहे. पत्रात हवं ते असं: कोणतं काम, किती वेळा, किती मदत, आणि मदत नसेल तर काय होतं. डॉक्टरांना वेळ नसतो, म्हणून मुद्दे आपणच कागदावर मांडून न्यावेत. ते वाचतील, खोडतील, भर घालतील. बैठकीला कोणीतरी सोबत न्या, ज्याचं काम फक्त लिहून घेणं एवढंच.

निर्णय विरोधात गेला तर त्या दिवशी फोन करून भांडू नका. कारणं लेखी मागा. दाद मागण्याची मुदत पत्रावरच्या तारखेपासून धरतात की पत्र हातात पडल्यापासून, ते आधी बघा. पत्र टपालाने आलं असेल तर पाकीट फेकू नका, शिक्क्याची तारीख त्यावर असते. आणि दाद मागण्याचा अर्ज अपुरा वाटला तरी मुदतीत द्या, ‘पुरावे नंतर जोडत आहे’ असं लिहून. कागद मागाहून देण्याची परवानगी मागता येते, पण उलटून गेलेली मुदत परत मिळवणं फार जड जातं.